बारा गाळ्यांची भिशी

रत्नप्रभा मेस्त्रीला लेथ आणि शेपर या मशिनांतला फरक कुणी कधी शिकवला नव्हता. पण मुलुंडच्या आग्रा रोडवरच्या शांतादीप इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, जिन्याखालच्या ऑफिसात अकरा वर्षं बसून तिचे कान असे तयार झाले होते की टाइप करता करता, मानही वर न उचलता ती म्हणायची, "सात नंबरचा शेपर थांबला. फ्यूज गेला असणार." दोन मिनिटांत सात नंबर गाळ्याचा मालक फ्यूजची तार मागायला दारात हजर. त्याला तार मिळायची, आणि वर "गेल्या महिन्याचा मेंटेनन्स कुठाय?" हेही मिळायचं.

बारा गाळ्यांची ती इस्टेट. प्रत्येक गाळ्यात दोन-तीन मशिनं, चार-पाच कामगार आणि एक मालक, जो स्वतःच अर्धा कामगार असायचा. रत्नप्रभा सोसायटीची क्लार्क. पाण्याचं बिल, टपाल, कचरा आणि भांडणं, सगळं तिच्याच टेबलावर यायचं. पगार साडेसहाशे. राहायला भांडुपला, पत्र्याच्या छपराच्या चाळीत. नवरा अनंत एका औषध कंपनीत पॅकिंगला. मूळची मालवणकडची, पण भाषा मुंबईत राहून घासली गेलेली. राग आला की तेवढं गाव बाहेर पडायचं. राग बऱ्याचदा यायचा. मालक लोक तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे हेडमास्तरीण. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीच्या तोंडावर पाच नंबरच्या धाकूशेठ राण्यांचे तीनशे बुश ठाण्याच्या एका कंपनीने परत पाठवले. बुश म्हणजे ज्यात दांडा फिरतो ती पितळेची नळी. भोक मोठं झालंय, दांडा आत खडखडतो, अशी तक्रार. धाकूशेठने ते पोतं उचललं आणि थेट तीन नंबरच्या श्यामसुंदरच्या अंगावर गेला, कारण पॉलिश त्याने केलं होतं. श्यामसुंदर तरुण, तोंडाने तिखट. भांडण रेटत रेटत ऑफिसात आलं.

"ह्याच्या पॉलिशान भोक खाल्ला!" धाकूशेठ ओरडला.

"काय यार, मी बाहेरून पॉलिश करतो. आतलं भोक कसं खाईन?"

रत्नप्रभाने हात पुढे केला. "कंपनीने नमुन्याला दिलेलं सँपल दाखवा." तिने ती नळी उजेडात फिरवून बघितली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने आपला बायकी प्रश्न विचारला. "हे नवं दिलेलं का त्यांनी तुम्हाला?"

"नवा खंयचा? चालत्या मशिनातसून काढून दिलो. चार वर्सां वापरलेलो."

"म्हणजे झिजलेला?"

धाकूशेठचा हात असा सफाईचा की त्याने झिजलेल्या नळीबरहुकूम, केसाचाही फरक न करता, तीनशेच्या तीनशे झिजलेल्या नळ्या बनवल्या होत्या. श्यामसुंदरला हसू आवरेना. धाकूशेठ पोत्यावरच बसला. अठराशे रुपयांचं पितळ होतं ते.

"ड्रॉइंग काढून घेत जा की आधी," रत्नप्रभा म्हणाली.

"काढतलो कोण? ड्राफ्ट्समनाक आठशे पगार. माझ्याकडे त्याला महिन्यातून तीन दिवसांचं काम. बाकीचे सत्तावीस दिवस काय लेथला हार घालायला ठेवू?"

हे मात्र खरं होतं. बाराही गाळ्यांची तीच रड. सँपल आणा, सँपलसारखं बनवा. ड्रॉइंगचं काम आलं की हात जोडा आणि सोडून द्या.

त्याच महिन्यात मीरा खंडागळे पाणी मागायला ऑफिसात आली. वय एकोणीस, विक्रोळी पार्कसाइटच्या टेकडीवर राहणारी, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स पास झालेली. सकाळपासून बारा गाळे फिरून बारा नकार घेऊन आली होती. मोठ्या कारखान्यांना कायद्याने शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, पण जागा चार आणि अर्ज चारशे. दोनदा तिचं नाव यादीच्या खाली राहिलं होतं. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हे तिने रडून सांगितलं नाही. ग्लास विसळून पालथा ठेवला आणि विचारलं, "इथे अजून इस्टेटी कुठे आहेत, बाई?"

तो पालथा ठेवलेला ग्लास रत्नप्रभाला आवडला. माणसं तिला अशीच आवडायची, कशावरूनही.

चाळीत ती नऊ वर्षं भिशी चालवत होती. एकटीला न झेपणारी वस्तू बाराजणींनी मिळून घ्यायची, एवढं एकच अर्थशास्त्र तिला येत होतं. तेच तिने बारा मालकांपुढे मांडलं. एकाला आठशेचा माणूस परवडत नाही. पण दर महिन्याला वीस-वीस रुपये काढले तर दोनशे चाळीस होतात, आणि कारखाने उमेदवाराला साधारण तेवढंच विद्यावेतन देतात. पोरगी एकेका गाळ्यात दीड महिना राहील, तिथलं काम शिकेल, तिथली ड्रॉइंगं काढेल. दीड वर्षात बारा गाळे पुरे. "तुम्ही एकमेकांची माणसं पन्नास रुपये जास्त देऊन पळवता आणि मग माझ्याकडे भांडत येता. त्यापेक्षा मिळून एक घडवा."

मालकांनी माना हलवल्या. मग श्यामसुंदरने विचारलं, "ते ठीक आहे, बाई. पण शिकून झाल्यावर ती कोणाची?"

इथे रत्नप्रभा चुकली. जमून आलेली गोष्ट हातची जाऊ नये म्हणून तिने जिभेवर आलं ते बोलून टाकलं. "चिठ्ठी काढू. भिशीत काढतो तशी. ज्याला लागेल त्याच्याकडे नोकरीला."

"आणि मधीच सोडून गेली तर?" हा धाकूशेठ. "आमचे पैशे कोण देतलो?"

"मी देईन. माझ्या पदरचे."

मग काय, सगळ्यांनी पटापट सह्या ठोकल्या. मीराला कुणी काही विचारलं नाही. तेव्हा ते कुणाला सुचलंही नाही, रत्नप्रभालासुद्धा नाही.

ड्रॉइंग बोर्ड विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून रत्नप्रभाने सोसायटीचा नोटीस बोर्ड भिंतीवरून उतरवून दिला. सूचना आजपासून मी तोंडी देईन, म्हणाली, आणि तिच्या सूचना तशाही पार रस्त्यापर्यंत ऐकू जायच्या. पंच्याऐंशीच्या जानेवारीत तो बोर्ड डोक्यावर घेऊन मीरा पहिल्यांदा पाच नंबरमध्ये गेली. धाकूशेठने तिला दाराशी, जिथे पितळेचा कीस उडतो, तिथे स्टूल दिलं आणि आपल्या मायक्रोमीटरला हात लावू दिला नाही. तीन आठवडे तिने तो कीस केसातून वेचला. चौथ्या आठवड्यात गिऱ्हाइकाने नवं सँपल आणलं, तेव्हा ती उठून म्हणाली, "शेठ, ह्यात बसणारा दांडा पण मागवा. दोन्ही मापून ड्रॉइंग काढते, मग बनवा." गिऱ्हाइकासमोर धाकूशेठला मान हलवावी लागली. दांडा आला. सँपल झिजलेलंच निघालं. त्या दिवशी मायक्रोमीटर मीराच्या बोर्डावर आला आणि स्टूल खिडकीपाशी गेलं.

मग गाळ्यामागून गाळा. दीड महिना संपत आला की मालक ऑफिसात येऊन घुटमळायचे. बाई, आठवडाभर राहू दे ना अजून. रत्नप्रभा म्हणायची, "रेशनच्या रांगेत मागच्याला विचारून थांबतात का? चला." पण आतून ती फुलून जायची. सकाळी पोरगी बोर्ड घेऊन जिन्याने वर जाताना दिसली की तिला आपल्या घरचं कुणी पुढे निघाल्यासारखं वाटायचं.

आठव्या गाळ्यात असताना ठाण्याच्या त्याच कंपनीने विचारलं, पाण्याच्या पंपाचा अख्खा व्हॉल्व कराल का? धाकूशेठ नाही म्हणायला निघाला होता. तो फक्त बुश करायचा. मीराने कागदावर व्हॉल्व सुटा करून दाखवला. बॉडी सात नंबरच्या शेपरवर होईल, चकती नऊ नंबरला, बुश तुम्ही, पॉलिश तीन नंबर, जुळवणी अकराला. धाकूशेठ चौदा वर्षं इस्टेटीत होता, पण नऊ नंबरमध्ये नेमकं काय बनतं हे त्याला माहीत नव्हतं. तसली कामं तो कुर्ल्याला पाठवायचा, टेंपोचं भाडं भरून! एवढे गाळे आतून पाहिलेलं इस्टेटीत एकच माणूस होतं, आणि ते विद्यावेतनावर होतं. चारशे व्हॉल्वची ऑर्डर पाच गाळ्यांनी मिळून पुरी केली. रत्नप्रभा टाइप करता करता ऐकायची: बुश झाले, आता बॉडी शेपरवर चढली, आता नऊ नंबर चालू. त्या महिन्यात एकही भांडण ऑफिसात आलं नाही, आणि तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शहाऐंशीच्या जुलैत दीड वर्ष पुरं झालं. चिठ्ठी काढायचा सोमवार ठरला. आदल्या शनिवारी पोस्टमनने टपाल टाकलं, त्यात मीराच्या नावाचं लांब पाकीट होतं. टेकडीवर टपाल नीट पोचत नसे, म्हणून तिने इस्टेटीचा पत्ता दिलेला. पाकिटावर विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्याचं छापील नाव. रत्नप्रभाने ते उघडलं नाही, पण खिडकीच्या उजेडात धरलं. एवढं वाचता आलं: ड्रॉइंग ऑफिस, मुलाखत, मंगळवार, सकाळी दहा.

तिने पाकीट खणात टाकलं आणि किल्ली फिरवली.

बारा गाळ्यांचे अठरा महिन्यांचे चार हजार तीनशे वीस होत होते. खोलीवरचे पत्रे बदलायला तिने आणि अनंतने चार हजार जमवले होते. यंदाच्या पावसात तीन ठिकाणी भांडी लावलेली होती. पण नुसता पैशांचाच प्रश्न नव्हता. पोरगी गेली तर बारा मालक पुन्हा कुणा उमेदवारावर छदाम काढणार नव्हते. हे बघा, शिकवलं आणि उडून गेली, असं म्हणायला सगळे टपलेलेच होते.

रविवारी दुपारी जेवताना तिने अनंतला सांगितलं. तो मितभाषी माणूस. त्याने विचारलं, "पत्र तुझं आहे?"

"नाही."

"मग?" म्हणाला, आणि आमटी वाढून घेतली.

तरीही सोमवारी सकाळी तिने ते पत्र दिलं नाही. मीरा नऊला आली, "बाई, आज चिठ्ठी ना?" म्हणून हसून वर गेली. रत्नप्रभाने टाइपरायटरमध्ये कागद घातला आणि दिवसभरात त्यावर तारखेशिवाय काही टाइप केलं नाही. एरवी जगाला फैलावर घेणारी ही बाई त्या दिवशी स्वतःच्या खणाकडे बघायला घाबरत होती.

चार वाजता सगळे जमले. बिस्किटांच्या डब्यात बारा नंबरांच्या बारा चिठ्ठ्या. श्यामसुंदरने डोळे मिटून एक उचलली. पाच.

"माका लागली!" धाकूशेठ लहान मुलासारखा उठला. "लागली गो माका! अरे, वडे सांगा सगळ्यांक!"

बाकीच्यांचे चेहरे पडले. कुणीतरी म्हणालं, धाकूशेठ, आमच्याकडे महिन्यातून दोन दिवस पाठवा हां तिला. सगळे एकाच वेळी बोलत होते. मीरा दाराशी गुंडाळलेली ड्रॉइंगं घेऊन उभी होती. ती पुढे आली आणि डब्यात डोकावली.

"बारा चिठ्ठ्या टाकल्यात ना, शेठ?" ती म्हणाली. "तेरावी कुठंय?"

"तेरावी कसली?"

"माझी. मला कुठे जायचंय त्याची."

तिचा आवाज चढला नव्हता. तिने कुणाला उणंदुणं म्हटलं नाही. पण रत्नप्रभाच्या कानांत ते जाऊन बसलं. दहा-अकरा वर्षं ती चिठ्ठ्या काढत आली होती, पातेल्यांच्या, मिक्सरच्या, सोन्याच्या चिमूटभर मण्यांच्या. आणि आज तिने या पोरीची चिठ्ठी काढली होती, तिला समोर उभी करून. तिला स्वतःची लाज वाटली. अशी लाज की अंगावरची साडीही जड झाली.

तिने किल्ली काढली, खण उघडला, पाकीट मीराच्या हातात दिलं. "शनिवारी आलंय. मी दाबून ठेवलं होतं."

मीराने तिथेच फोडून वाचलं. मग वर बघितलं. "बाई, तुम्ही पण?"

रत्नप्रभाने टाइपरायटर पुढे ओढला. "उद्या दहाला आहे," ती म्हणाली. "अनुभवाचा दाखला लागेल. बस इथे."

"म्हणजे ही जाता?" धाकूशेठ भडकला. "माझे तीनशे साठ रुपये? माझी लागलेली चिठ्ठी?"

"पैसे माझ्याकडून घ्या. शब्द दिलाय मी. चिठ्ठीचं म्हणाल तर ती माझी चूक. माणसाची चिठ्ठी काढत नाहीत, तां माका तेव्हाच कळाक होया होता."

दाखला तिने दहा मिनिटांत टाइप केला. कुठल्या गाळ्यात किती दिवस, कुठलं मशीन, किती ड्रॉइंगं, आणि मधोमध: चारशे व्हॉल्वची ऑर्डर या उमेदवाराच्या ड्रॉइंगांवर पुरी झाली. मग तो कागद घेऊन ती स्वतः जिना चढली. इतकी वर्षं मालक तिच्याकडे यायचे. ती कुणाच्या दारात सही मागायला गेलेली कुणी पाहिलं नव्हतं. गाळ्यागाळ्यात उभी राहून तिने शिक्के घेतले. एकाने तोंड वाकडं केलं, एकाने शिक्का हरवलाय म्हटलं आणि तिने तो त्याच्याच टेबलाच्या फटीतून काढून दिला. अकरा शिक्के झाले. धाकूशेठने शटर खाली ओढलं होतं.

अकरा शिक्क्यांवर मीराला नोकरी लागली. पगार नऊशे, घरापासून पायी वीस मिनिटं. पुढच्या रविवारी ती भांडुपला रत्नप्रभाच्या चाळीत आली, हातात पेढ्यांचा पुडा. "राग अजून गेलेला नाही, बाई," दारातच म्हणाली. "पण पेढा पहिला तुम्हाला." रत्नप्रभाने तो घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "राग ठेव. जायची घाई नको करूस." मग दोघी खाली भांडी सरकवून गळक्या पत्र्याखाली चहा प्यायल्या.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी रत्नप्रभाने बँकेतून पैसे काढले. कमी पडलेले तीनशे वीस अनंतने आपल्या कंपनीतल्या पतपेढीकडून उचलून आणले, कारण न विचारता. बारा पाकिटं करून तिने टेबलावर मांडली, वर गाळ्यांचे नंबर. मालक एकेक करून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी पाकिटाला हात लावेना. सगळे धाकूशेठची वाट बघत होते. पहिला शब्द त्याचाच असायचा, वाईट असला तर नक्कीच.

धाकूशेठ आला, तो हातात ठाण्याच्या कंपनीचं पत्र घेऊन. त्याने ते टेबलावर आपटलं. "वाच."

रत्नप्रभाने वाचलं. कंपनीला आणखी सहाशे व्हॉल्व हवे होते. पण या वेळी अर्धा इंच लहान.

"तिची ड्रॉइंगं आहेत ना आपल्याकडे," श्यामसुंदर म्हणाला.

"ती मोठ्या व्हॉल्वची रे! लहान कोण करून देतलो, तू?" धाकूशेठ खेकसला. मग त्याने पाच नंबरचं पाकीट उचललं, रत्नप्रभाच्या पुढ्यात परत सरकवलं आणि बाकीची अकरा पण तळहाताने ढकलली. "ही घरी ने. पत्रे बदल, काल स्टेशनार अनंत भेटलो, त्यान सांगल्यान. चेडवान माझ्याकडे दीड महिना काम केला, आणि त्या दिवसापासून माझो एकव बुश परत इलो नाय. तिचे माझ्यावर निघतत, माझे तिच्यावर नाय."

रत्नप्रभाचे डोळे भरून आले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ते कुणापासून लपवले नाहीत.

"आता ऐक," धाकूशेठ म्हणाला. "आयटीआयमधी जा. ह्या खेपेक दोघांक आण. एक जातलाच, तां धरूनच चलाचा."

तिने पदराने नाक पुसलं आणि पेन उघडलं. "दोन घेतले तर महिन्याला चाळीस पडतील. प्रत्येकी."

"पडांदेत," धाकूशेठ म्हणाला, आणि खिशात हात घातला.